डोळखांबच्या बाजारातली आफ्रिका आणि कॅरिबियन बेटं

लंडन, बर्मिंगहॅम, लीड्स, ब्रिटनमधलं कुठलंही मोठं शहर घ्या, तिथे एक पाटी हमखास सापडते : 'आफ्रिकन अँड कॅरिबियन फूड्स'. आत आपल्या कोनफळाच्या कुळातले हातभर लांब याम असतात, भाजीची केळी असतात, भेंडी, चवळी, खारवलेला मासा, तिखटजाळ बुटक्या मिरच्या आणि वाळवलेली लाल अंबाडीची फुलं असतात. नायजेरियाहून शिकायला आलेला मुलगा आणि जमैकन आजीची ब्रिटनमध्येच जन्मलेली नात, दोघंही एकाच दुकानात पिशवी भरतात.

माझा अभ्यास ब्रिटनचा नाही. शहापूर-मुरबाडकडच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या धान्यांचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. पण "नागलीवर पीएचडी? त्यात कसला आलाय इतिहास?" हा प्रश्न आला की मी हल्ली या पाटीपासूनच सुरुवात करते. कारण त्या दुकानातल्या बऱ्याच वस्तू, किंवा त्यांची सख्खी भावंडं, डोळखांबच्या बाजारातही मिळतात. फरक एवढाच की इथे पाटी नाही. ती का नाही, हाच आजच्या लेखाचा विषय.

एका पाटीवर दोन प्रदेश कसे?

आधी ब्रिटनचं पाहू. आफ्रिका हा अख्खा खंड, आणि कॅरिबियन म्हणजे अटलांटिकच्या पलीकडची बेटं. मध्ये हजारो किलोमीटर समुद्र. तरी दोघांचं किराणा दुकान एक.

याचं कारण गुलामांचा व्यापार. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात युरोपियन जहाजांनी आफ्रिकेतून साधारण सव्वा कोटी माणसं पकडून अटलांटिकपार नेली. त्यातली जवळपास १८ लाख वाटेतच मेली. या माणसांना जिवंत ठेवायला जहाजावर अन्न लागायचं, ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच विकत घेतलं जायचं : याम, चवळी, ज्वारी, बाजरी. जुडिथ कार्नी या अभ्यासक बाईंनी दाखवून दिलंय की या शिध्यातून उरलेलं बियाणं बेटांवर रुजलं ते मळेवाल्या मालकांमुळे नाही, तर गुलामांमुळे. उसाच्या मळ्यात दिवसभर राबल्यावर जो चतकोर तुकडा त्यांना पोटापुरतं पिकवायला मिळायचा, त्यात त्यांनी ओळखीची पिकं लावली. या पिकांची नोंद ठेवणाऱ्यांना ती 'गुलामांचं खाणं' एवढीच माहीत होती.

पुढे २२ जून १९४८ला 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन प्रवाशांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदरात लागलं. ज्यांची राहायची सोय नव्हती त्यांना क्लॅपहॅम साउथच्या जमिनीखालच्या युद्धकालीन निवाऱ्यात ठेवलं. तिथून कामधंदा मिळवून देणारी कचेरी जवळ होती ती ब्रिक्स्टनला. म्हणून माणसं ब्रिक्स्टनला राहिली, आणि मग ब्रिक्स्टनच्या बाजारात हळूहळू याम आणि मिरच्या दिसायला लागल्या. नंतर घाना-नायजेरियाहून मोठ्या संख्येने लोक आले तेव्हा त्यांना आपला याम तिथे आधीच मांडलेला दिसला. शेकडो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन घरांची ही पुन्हा पडलेली गाठ. ती पाटी या गाठीची आहे.

आता डोळखांब

आसनगाव स्टेशनला उतरायचं, शहापूरमार्गे आत यायचं. डोळखांबच्या पुढे डेहण्याकडे गेलं की आजोबा डोंगराचा कडा समोर उभा राहतो. खाचरात भात, आणि वर उतारावर वरकस जमीन. मजुरी आणि शेती यांच्या ओढाताणीत जगणारे ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी अशी इथली वस्ती. आसपासच्या पाड्यांना डोळखांबची बाजारपेठ जवळची.

दिवाळीच्या पुढेमागे बाजारात काय असतं? नागली, वरी, खुरासणी. चवळी, तूर, वाल. चिंचेचा गोळा. मिरची, बटाटे, रताळी, पपई, सीताफळं. विचाराल तर उत्तर एकच : सगळं आपल्याकडचंच. काही विकणाऱ्या बाया तर 'गावरान' हा शब्द ठासून सांगतील, कारण त्या शब्दाला शहरी गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं.

आता यातलं मूळचं इथलं काय? वरी इथली. तूर भारतातली. वालाचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, तो बाजूला ठेवू. नागली, खुरासणी, चवळी, चिंच ही आफ्रिकेतली. मिरची, बटाटा, रताळं, पपई, सीताफळ ही अमेरिका खंडातली, आणि त्यातल्या काहींची वाट थेट कॅरिबियन बेटांवरून आलेली.

नागली आफ्रिकेची, हे कशावरून?

नागली म्हणजेच नाचणी. हिचा आफ्रिकेशी संबंध सांगितला की ऐकणारा लगेच म्हणतो, म्हणजे हबशांनी आणली असणार! आपल्या इतिहासात जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, मलिक अंबर आहे, त्यामुळे हे सुचणं साहजिक आहे. पण हिशोब जुळत नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला सोळाव्या शतकात, तर नागली भारतात किमान अडीच-तीन हजार वर्षं आहे. मलिक अंबरला दख्खनमध्ये नागलीची भाकर वाढली असेल, तर आपल्या मुलखातलं 'दागुसा' इथे कसं, असं त्यालाच नवल वाटलं असेल. इथिओपियात नागलीला दागुसा म्हणतात.

मग पुरावा काय? तीन प्रकारचा.

पहिला रानटी पूर्वजांचा. कुठल्याही पिकाचा जवळचा रानटी नातेवाईक जिथे उगवतो, तिथे ते पीक माणसाने पहिल्यांदा माणसाळवलं असण्याचा संभव मोठा. नागली भारतातली की आफ्रिकेतली, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता. १९७०च्या दशकात हिलू आणि द वेट यांनी पूर्व आफ्रिकेतल्या रानगवताशी तिचं नातं नीट मांडलं, आणि इथिओपिया-युगांडाकडच्या उंच प्रदेशाचं पारडं जड झालं.

दुसरा पुरावा जळक्या दाण्यांचा. जुन्या वस्तीच्या चुलीत पडून कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं टिकतो. उत्खननातली माती पाण्यात कालवली की हे दाणे तरंगून वर येतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. भारतात फार जुनी नागली सापडल्याचे कितीतरी दावे झाले होते. डोरियन फुलर यांनी २००३ साली ते एकेक करून तपासले, तेव्हा त्यातले बरेच दाणे सावा-राळ्यासारख्या दुसऱ्याच बारीक धान्यांचे किंवा गवताचे निघण्याची शक्यता पुढे आली. कर्नाटकातल्या हल्लूरचा, इसवी सनापूर्वी १०००च्या आसपासचा पुरावा मात्र टिकला. म्हणून मी 'पाच हजार वर्षांची नाचणी' असलं काही लिहीत नाही. तीन हजार वर्षं काही कमी नाहीत.

तिसरा पुरावा सोबत्यांचा. नागली एकटी आलेली नाही. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिण काठची, चवळी पश्चिम आफ्रिकेतली. घानात किंटाम्पो संस्कृतीच्या वस्त्यांत साडेतीन हजार वर्षांहून जुनी चवळी मिळालीय. ही सगळी मंडळी इसवी सनापूर्वी २०००च्या आसपास आणि त्यानंतर भारतीय उपखंडात दिसायला लागतात. ज्या भाकरीला आपण महाराष्ट्राची ओळख म्हणतो, ती ज्वारीची असो, बाजरीची असो की नागलीची, तिचं पीठ मूळचं आफ्रिकेचं.

हे बियाणं आणलं कुणी? एखाद्या राजाने नाही, मोठ्या व्यापाऱ्याने तर नाहीच. निकोल बोइव्हिन आणि फुलर यांचं म्हणणं असं, की अरबी समुद्राच्या काठाकाठाने ये-जा करणाऱ्या छोट्या मच्छीमार आणि शेतकरी समाजांनी ही देवाणघेवाण केली. पोटासाठी बरोबर घेतलेलं मूठभर धान्य, त्यातलं उरलेलं पेरलेलं. जमैकातल्या गुलामांच्या चतकोर तुकड्याशी याचं साम्य आहे, पण फरकही तेवढाच मोठा. इथे कुणाच्या पायात बेड्या असल्याचा पुरावा नाही. म्हणून नागलीच्या प्रवासाला मी 'तसाच' म्हणत नाही. दोन्हीकडे बियाणं वाहणारे हात कागदावर आले नाहीत, एवढंच म्हणते.

खुरासणी : तीन नावं, तीनही पत्ते चुकीचे

कारळ्याची चटणी सगळ्यांना माहीत असते. तेच कारळे म्हणजे शहापूरकडची खुरासणी. पिवळी फुलं येतात, काळं बारीक बी, त्याचं तेल काढतात.

'खुरासणी' हा शब्द इराणच्या खुरासान प्रांताकडे बोट दाखवतो. काही ठिकाणी हिला 'काळे तीळ' म्हणतात, पण ही तिळाच्या कुळातली नाही, सूर्यफुलाच्या कुळातली आहे. इंग्रजीत हिला 'नायजर' म्हणतात, पण नायजर देशाशीही हिचा संबंध नाही. खरा पत्ता फक्त शास्त्रीय नावात उरलाय : ग्विझोशिया अ‍ॅबिसिनिका. अ‍ॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया. तिथे हिला 'नूग' म्हणतात, आणि तिथले ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत प्राण्यांची चरबी वर्ज्य असते म्हणून नूगच्या तेलात स्वयंपाक करतात. आज भारतातली खुरासणी अमेरिकेत जाते ती पाळीव आणि अंगणातल्या पक्ष्यांचं खाद्य म्हणून.

चिंचेचंही असंच. झाड आफ्रिकेचं, अरबांनी त्याला म्हटलं 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, आणि त्यावरून इंग्रजी 'टॅमरिंड'. म्हणून माझी मार्गदर्शक नेहमी बजावते : नाव हा पुरावा आहे, पण वस्तू कुठून आली याचा नाही. ती नाव देणाऱ्याच्या हाती कुठून आली, याचा.

तोंडात बसलेले कॅरिबियन शब्द

कधीकधी मात्र नावच फार दूरचा पत्ता बरोबर सांगतं. बटाटा घ्या. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, पण 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळं. कोलंबस १४९२ला पोचला तो याच लोकांच्या बेटांवर. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी तो शब्द उचलला, पुढे दुसऱ्या कंदालाही लावला, आणि पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. वसईपासून इथपर्यंत यायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. उत्तर भारताने 'आलू' म्हटलं, आपण बटाटाच ठेवला. 'तंबाखू' आणि 'पपई' यांची मुळंही त्याच बेटांच्या बाजूला जातात.

स्पॅनिश अमलात रोगराई, सक्तीची मजुरी आणि कत्तल यांनी ताइनो समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. त्यांची भाषा आज कुणी बोलत नाही. पण आसनगाव स्टेशनवर 'दोन बटाटावडे द्या' म्हणताना आपण त्यांचाच एक शब्द बोलत असतो.

सीताफळाने तर कमालच केली. तेही त्याच उष्ण अमेरिकेतलं, वेस्ट इंडीजकडचं. इथे आल्यावर त्याला सीतेचं नाव मिळालं, त्याच्या भावाला रामाचं. आफ्रिकेच्या बियाला आपण खुरासानचा पत्ता दिला आणि अमेरिकेच्या फळाला थेट अयोध्येचा! मिरचीने तर काळ्या मिरीचंच नाव घेतलं.

तूर उलट्या वाटेने गेली

हे सगळं एकाच दिशेने झालं असं नाही. भातखाचराच्या बांधावर लावतात ती तूर मूळ भारतातली. ती फार पूर्वी आफ्रिकेत गेली, तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर. जमैकात तिला 'गंगो पीज' म्हणतात, आणि नाताळच्या सुमारास नारळाच्या दुधातल्या भातात हिरवी तूर घालून शिजवतात. गुलामी संपल्यावर, १८३८ ते १९१७ या काळात, चार लाखांवर भारतीय मजूर करारावर ब्रिटिश कॅरिबियन वसाहतींत नेले गेले. त्यांना तिथे तूर भेटली ती आधीच परदेशी झालेली.

म्हणजे ब्रिक्स्टनच्या दुकानात 'गंगो पीज'ची पिशवी दिसली, तर ती आपल्या बांधावरची तूर आहे, पण तिथे ती कॅरिबियन आहे. आणि डोळखांबला नागली आहे, जी इथे गावरान आहे. मला वाटतं दोन्ही पाट्या खऱ्या आहेत.

मग गावरान म्हणजे काय?

इथे माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा येतो. 'नाचणी आफ्रिकेची' हे सांगून कुणाच्या भाकरीवरचा हक्क काढून घेणं हा हेतू नाही. उलट आहे. पीक जन्मलं कुठे यापेक्षा बियाणं राखलं कुणी, यावर ते 'आपलं' ठरतं. तीन हजार वर्षं म्हणजे तीन हजार वेळा कुणीतरी चांगली कणसं निवडून, राखेत घोळवून, पुढच्या पावसासाठी ठेवली. एखाद्या भागात दोन-तीन वर्षं जरी हे चुकलं, तरी तिथला वाण संपला.

हे काम बहुतेक डोंगरातल्या लोकांनी केलं. वरकस जमिनीवरचा जुना फेरा साधारण असा : पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा तसंच काही, मग जमीन काही वर्षं पड. आफ्रिका, भारत, पुन्हा आफ्रिका, आणि मग विश्रांती. रोपासाठी राब भाजायला झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण लागायचं.

१८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातलं जंगल राखीव होऊ लागलं तसा हा फेरा अडला. फांद्या तोडणं गुन्हा, उतारावर नवी जागा धरणं गुन्हा. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे-कुलाब्याची गाऱ्हाणी ऐकून त्याने १८८७ला अहवाल दिला. १८८२च्या ठाणे गॅझेटियरात आणि अशा अहवालांत नागली येते ती बहुधा हलक्या जमिनीचं हलकं पीक म्हणून. ब्रिटिश अधिकाऱ्याला भात दिसायचा, कारण महसूल भातावर होता. जमैकातल्या मळेवाल्याला ऊस दिसायचा, तसंच.

हे 'हलकं'पण स्वातंत्र्यानंतरही गेलं नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात दर लिहिले : तांदूळ ३ रुपये किलो, गहू २, आणि भरड धान्य १. रेशनवर प्रत्यक्षात मुख्यतः आला तो तांदूळ आणि गहू. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही. कुपोषणाच्या बातम्या ज्या डोंगरी तालुक्यांतून येतात, तिथल्याच उतारावरून ही नागली मागे हटत गेली.

मग नावं बदलायला लागली. २०१८ला केंद्र सरकारने 'भरड धान्या'चं 'पौष्टिक तृणधान्य' केलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं, आणि आता म्हणायचं 'श्री अन्न'. मुंबईच्या मॉलमध्ये रागीच्या बिस्किटांवर चकचकीत कागद आला. नावाला माझी हरकत नाही. सीताफळालाही नावाने फायदाच झाला. पण विंडरशच्या प्रवाशांना याम मिळाला तो नाव बदलल्याने नव्हे. तो मागणारे लोक होते, आणणारे दुकानदार होते, आणि पलीकडे पिकवणारा शेतकरी होता. या साखळीतला पिकवणारा डोळखांबला आहे. त्याला लागणारा उतार, राबाचा पाला आणि हमीचा भाव यांचं काय, ते नव्या नावात लिहिलेलं नाही.

सध्या मी काय करतेय

कागदात नागली एकच आहे. माणसांच्या बोलण्यात ती एक नाही. हळवी, निमगरवी, गरवी असे काळाप्रमाणे प्रकार आहेत, आणि त्यांच्या आत प्रत्येक पाड्याची वेगळी नावं : कणसाच्या आकारावरून, दाण्याच्या रंगावरून, कधी बियाणं ज्या गावाहून आलं त्या गावावरून. अशी नावं मी गोळा करतेय, कारण कोणतं बियाणं कुठून कुठे गेलं याची दुसरी नोंदच नाही. बऱ्याचदा ती सासरी आलेल्या बाईने माहेरून आणलेल्या बियाण्याची असते. तीन हजार वर्षांपूर्वीचा समुद्रप्रवास मला दिसणार नाही, पण डेहण्याहून मुरबाडला गेलेली मूठभर नागली अजून शोधता येते.

तुम्ही शहापूर, मुरबाड, जव्हार, अकोले, इगतपुरी या पट्ट्यातले असाल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा : पूर्वी आपल्याकडे कोणकोणती नागली होती, आणि तिचं बी कुणी दिलं होतं? मिळालेलं नाव, गाव आणि नातं लिहून ठेवा. मावशीने दिलं, नणंदेकडून आणलं, असं जे काही असेल ते, जसं सांगितलं तसंच.